समोरच्याची सही

टॅनर्स बेंड, ११ जानेवारी

डेल्फीन,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. आणि ई-मेल न करता पोस्टाने पाठवतेय, तेही मुद्दाम. कार्व्हरला आपल्या पाच कॉलेजांच्या मुख्य कार्यालयात बसल्यापासून तुझी ई-मेल आधी तुझी सेक्रेटरी वाचते असं कळलं. मला जे बोलायचंय ते त्या बिचारीला कशाला ऐकवू?

आज सकाळी डीन पर्सेलने आम्हा सगळ्या इंग्रजीवाल्यांना बोलावून घेतलं. टेबलावर डोनट होते. पर्सेल स्वतःच्या खिशातून डोनट आणतो तेव्हा कुणाचा तरी बळी जाणार हे ठरलेलं असतं. मी एकही खाल्ला नाही. मग त्याने हसत हसत एकेक जाड पाकीट आमच्यापुढे सरकवलं. "पुढच्या सप्टेंबरपासून पाचही कॉलेजांत एकशे दोन एकसारखं शिकवायचं," म्हणाला. "सगळं तयार आहे. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

काही म्हणजे काही! बावीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईला हे सांगायचं, आणि वर तिने आभार मानावेत अशी अपेक्षा!

इंग्रजी एकशे दोन. स्वतः शोध घ्यावा, पुरावे जमवावेत आणि आपली बाजू लोकांना पटेल अशी लिहावी, एवढंच शिकवणारा आपला कोर्स. आपला म्हणतेय, कारण तो तू आणि मी त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून, तुझ्या त्या गळक्या केटलमधला चहा पीत उभा केला. पाकिटात काय आहे? पाच विषय. शाळेचा गणवेश, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर्गातले मोबाइल आणि असेच आणखी दोन. प्रत्येक विषयाला सहा लेख आधीच निवडून जोडलेले. निबंधाचं पहिलं वाक्यसुद्धा छापलेलं, मुलांनी फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. शोध घ्यायचा नाही, कुणाला भेटायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही. याला संशोधन म्हणायचं? मग डबा उघडून सूप गरम करणाऱ्याला आचारी म्हणा.

मी पानं उलटत होते ती एकच गोष्ट शोधत. समोरच्याची सही. विद्यार्थ्याने आपली बाजू मांडण्याआधी विरोधी बाजू एका पानात लिहायची; मग ती बाजू खरोखर मानणाऱ्या माणसाकडे जायचं, त्याला पान वाचायला द्यायचं, आणि 'हो, माझं म्हणणं हेच आहे' अशी त्याची सही आणायची. सही नाही तर पुढचा निबंध नाही. आपल्या कोर्सचा सगळा जीव त्या एका पानात होता. ते पान पाकिटात नाही.

मग मी मुखपृष्ठ पाहिलं. 'रचना : डॉ. डेल्फीन प्रूइट.'

सही ही तुझी कल्पना होती, डेल्फीन. तुझी! मी तर तेव्हा म्हणाले होते की आपल्या गावातले लोक असल्या कागदावर सही करायच्या ऐवजी कुत्रं सोडतील अंगावर. तू मला पटवलंस. आणि आता तूच ती काढून टाकलीस, आणि मला ते पर्सेलच्या डोनटवरून कळतं. जसं तू कॉलेज सोडून चाललीस हेही मला सूचना फलकावरून कळलं होतं.

अभ्यासक्रम समितीत कुठलाही बदल दोनदा वाचला जातो, हे तुला ठाऊक आहे. पहिलं वाचन मार्चमध्ये, दुसरं एप्रिलमध्ये, आणि शेवटचं मत दुसऱ्या वाचनाला. ज्याला विरोध असेल त्याने लेखी द्यावं, असं पर्सेल म्हणाला. देणार आहे. तुझ्या पाकिटाच्या चिंध्या करणार आहे.

वर्ना कोवालिक

(आडनावासकट लिहिलंय. आता तुझ्याकडे बरीच माणसं असतील, गोंधळ नको.)


२ फेब्रुवारी

डेल्फीन,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण माझ्या वर्गाने मला अडचणीत आणलंय आणि ती तुझ्याच नियमामुळे.

या सेमिस्टरला डार्ला स्टुकी नावाची विद्यार्थिनी आहे. वय शेहेचाळीस, शाळेची बस चालवते, आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून सीटबेल्ट शोधतो. आपल्याकडे शाळा आठवड्यातून चारच दिवस भरवायचं घाटतंय, त्याविरुद्ध ती लिहितेय. समोरची बाजू कुणाची? तिच्या सख्ख्या बहिणीची. नडीन त्याच शाळेत तिसरीला शिकवते आणि चार दिवसांच्या आठवड्यासाठी सह्या गोळा करत फिरते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोघींत असं वाजलं की टर्की तशीच राहिली.

डार्लाने नडीनची बाजू लिहिली, पान घेऊन तिच्या घरी गेली. परत आली ती पाय आपटतच.

"सही नाही केली, मिस के! वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं. म्हणाली, डार्ला, ही मी नाही. ही तुझ्या डोक्यातली मी आहे."

"काय लिहिलं होतंस?"

"खरं तेच. की तिला शुक्रवारी उशिरापर्यंत लोळायचंय."

वर्ग हसून हसून कोसळला. मी मात्र गंभीरपणे सांगितलं, की जा, पुन्हा लिही. तिला झोप नको, मग काय हवंय ते विचार. तुझंच वाक्य वापरलं, 'माणसाला काय हवंय ते विचारल्याशिवाय त्याचं चुकतंय कसं म्हणता येईल?' तुझं नाव घेतलं नाही.

तेवढ्यात डार्ला म्हणते, "मिस के, तुम्ही समितीला विरोधाचं पत्र देणार आहात म्हणे?"

"हो."

"ते पाकीट बनवणाऱ्या बाईंच्या विरुद्ध?"

"हो."

"मग त्यांची सही आणलीत?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. काय सांगू? नियम मुलांसाठी आहे, माझ्यासाठी नाही? म्हटलं, आणते. तर हे घे तुझं पान. वाच आणि सही करून धाड:

'डॉ. प्रूइट यांचं म्हणणं असं, की शिक्षकांवर विश्वास टाकण्यापेक्षा पाकिटावर टाकावा, कारण पाकीट उलटून बोलत नाही. त्यांना मुख्य कार्यालयात मोठी खिडकी मिळाली आहे आणि त्या खिडकीतून पाचही कॉलेजं सारखीच दिसतात. ज्याला स्वतः वर्गात जायचं नाही, त्याला वर्ग एकसारखे असलेले सोयीचे पडतात.'

खाली रेघ आखली आहे. तिच्यावर सही.

वर्ना


२० फेब्रुवारी

डेल्फीन,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, विचारपूस नाही, नुसतं माझंच पान परत आणि त्यावर लाल पेन्सिलीने तीन शब्द : 'ही बाई कोण?'

ती लाल पेन्सिल ओळखीची आहे. मुलांच्या निबंधांवर तू असंच लिहायचीस आणि मी म्हणायचे की पोरं रडतील. आज माझ्यावर आली तेव्हा मला इतका राग आला की मी पान चुरगाळून टोपलीत टाकलं, मग काढलं, सपाट केलं, पुन्हा टाकलं. ऑफिसातला नवीन गणिताचा माणूस, जो आता तुझ्या टेबलावर बसतो आणि दिवसभर गाजरं चावत असतो, तो उठून बाहेर गेला.

बरं. मी अभ्यास केला. खरा, आपण मुलांना शिकवतो तसा. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला फोन केले, आपल्याकडून तिकडे गेलेल्या मुलांना गाठलं. तुझ्या बाजूचा एक मुद्दा मला सापडला आहे आणि तो लिहिताना माझे दात दुखताहेत. पाच कॉलेजं एकशे दोन पाच तऱ्हांनी शिकवतात, म्हणून विद्यापीठ आपले क्रेडिट धरत नाही. मुलांना तिथे जाऊन तोच कोर्स पहिल्यापासून करायला लागतो. आपला वेस्ली, तो बासरीवाला, आठवतो? तो दुसऱ्यांदा एकशे दोनला बसायला नको म्हणून घरी परतला आणि आता टायरच्या दुकानात आहे. मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुला ठाऊक होतं का? होतं, असं दिसतं. मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? एकाच खोलीत बसत होतो आपण!

पान नव्याने लिहिलंय. खिडकी काढली. क्रेडिटचं घातलं, वेस्लीचं घातलं. शिवाय हेही, की दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या मुलांना लायब्ररीत जायला आणि माणसं गाठायला सवड नसते, आणि निवडून दिलेले सहा लेख त्यांना निदान बसच्या थांब्यावर वाचता येतात. हे सगळं तुझ्या बाजूचं आहे आणि ते मी नीट लिहिलंय. याहून जास्त प्रामाणिकपणा या गावात तुला मिळायचा नाही.

सही कर.

वर्ना

डार्लाच्या दुसऱ्या पानावरही नडीनने सही केली नाही. पण या वेळी कॉफी दिली म्हणे.


३ मार्च

डेल्फीन,

नाही.

पान परत पाठवून त्यावर एकच नाव लिहायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह, हा कुठला न्याय? 'मरीबेथ?'

मरीबेथ ऑस्ट्रँडरचा या वादाशी संबंध नाही. ते मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते. वृद्धाश्रमात काम करणारी मुलगी, तिथे रात्रपाळीला माणसं कमी असतात आणि म्हातारे बिछान्यातून पडतात, यावर तिने निबंध लिहिला. समोरची बाजू तिच्या मॅनेजरची. ती त्याच्याकडे पान घेऊन गेली, त्याने हसून सही केली, आणि पुढच्या आठवड्यात पाळ्यांच्या तक्त्यातून तिचं नाव गायब. यात कोर्सचा दोष काय? तुझा काय? नीच तो माणूस! त्याच्यावर चिडायचं सोडून तू आपल्या नियमावर चिडलीस, स्वतःवर चिडलीस, माझ्याशी बोलणं टाकलंस आणि निघून गेलीस. एका नालायक मॅनेजरपायी एवढा चांगला कोर्स मातीत घालायचा?

समितीपुढे तिचं नाव काढणं हा तिचा अपमान होईल. म्हणून मी ते लिहिलं नाही. दुसरं काही कारण नाही.

सहीविनाच जाईन मी.

व.


१० मार्च

डेल्फीन,

काय झालं ते सांगते. तू हसशील असं वाटत नाही.

काल वर्गात डार्ला म्हणाली, "मिस के, मी नडीनचा नाद सोडला. ती काय, नुसत्या सह्या गोळा करतेय. खरा समोरचा माणूस आहे आमचा बस-विभागाचा साहेब. चार दिवसांची टूम मुळात त्याची. उद्या त्याच्याकडेच पान घेऊन जाते."

आणि मी म्हणाले, "नाही!"

ओरडलेच. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातातलं पेन पडलं.

"का?" डार्लाने विचारलं. "तुम्हीच म्हणता ना, जो खरोखर ती बाजू मानतो त्याच्याकडे जा?"

"बहीण पुरे आहे."

"पण साहेब जास्त—"

"डार्ला, त्या माणसाकडे जायचं नाही म्हणजे नाही. तुझी बस त्याच्या हातात आहे."

बोलले आणि खडू खाली ठेवला. डार्ला माझ्याकडे बघत राहिली. ती चौकस आहे, पण दुष्ट नाही. हळूच म्हणाली, "असं कुणाचं झालंय का, मिस के?" मी वर्ग लवकर सोडला.

गाडीत बसून राहिले. तुझा राग आला, इतका की आजवर आला नव्हता. तू त्या मुलीला पाठवलंस तेव्हा पुढचं कळलं असतं तर तूही अशीच ओरडली असतीस. तुला ते आधी कळलं नाही, एवढंच. आणि मी महिनाभर तुझी बाजू लिहितेय ती एवढी गोष्ट सोडून! कारण ती घातली की तुझं म्हणणं भक्कम होतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

हे पान:

'डेल्फीन प्रूइट यांचं म्हणणं असं. समोरच्या माणसाकडे जाऊन त्याचं म्हणणं विचारणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती बरोबरीच्या माणसांत चालते. आमच्या कॉलेजात येणारा विद्यार्थी ज्याच्याशी वाद घालू बघतो, तो बहुधा त्याचा साहेब असतो, घरमालक असतो, नाहीतर कोठडीतून सुटल्यावर ज्याच्याकडे हजेरी लावायची तो अधिकारी असतो. शिक्षक मात्र सुरक्षित असतो. धाडस शिकवणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, असा हा कोर्स आहे. मरीबेथ ऑस्ट्रँडरने आम्ही सांगितलं तेच केलं, उत्तम केलं, आणि तिला मुलीला घेऊन मावशीकडे दुसऱ्या राज्यात जावं लागलं. जो नियम पाळून माणसाचं वाटोळं होऊ शकतं तो नियम शिक्षकाला कितीही आवडत असला तरी काढून टाकावा. निर्जीव पाकिटाने कुणाची नोकरी जात नाही.'

हे मला पटत नाही, डेल्फीन. एक अक्षर पटत नाही. पण तुझं म्हणणं हेच आहे ना?

वर्ना


२६ मार्च

डेल्फीन,

सही मिळाली. नुसती सही, खाली तारीखही नाही. ती मी वर्गाला दाखवली. डार्लाने टाळ्या वाजवल्या आणि आपलं पान काढून फडकवलं, नडीनचीही झाली. (नडीनला शुक्रवार हवाय तो आईला डायलिसिसला न्यायला. डार्लाला ते ठाऊकच नव्हतं, कारण आईकडे कोण किती जातं यावरून वाजल्यापासून तीन वर्षं दोघी आईचा विषयच काढत नव्हत्या. डार्ला अजून पाच दिवसांच्याच बाजूने आहे. पण आता एका आड एक शुक्रवारी आईला ती नेते.)

आणि आता ऐक पहिल्या वाचनाचं. तू आली नाहीस. रस्त्यावर बर्फ म्हणे! बर्फ तर आमच्या दारातही होता, मी फावडं घेऊन काढला.

नियमाप्रमाणे मी आधी तुझी बाजू वाचली, मग माझी. तुझी वाचत असताना खोलीत कुणी खोकलंही नाही. माझी वाचताना पर्सेलने दोनदा घड्याळ बघितलं. मतं झाली. सहा विरुद्ध दोन. पाकीट जिंकलं.

बाहेर रसायनशास्त्राचा हॉफस्टेटर माझा हात हातात घेऊन म्हणतो, "वर्ना, काय सुंदर बोललात! इतकं पटलं, इतकं पटलं, की मी लगेच तुमच्या विरुद्ध मत दिलं."

"कृपा झाली," मी म्हटलं.

"नाही, खरंच. त्या मुलीचं ऐकलं आणि माझा हात आपोआप वर गेला. आधी मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

घरी येऊन मी कपाटाची दारं आपटली. माझ्या तोंडाने तुझी बाजू जिंकवून घेतलीस! मी हाताने लिहून, सही आणून, उभी राहून स्वतःलाच पाडलं. जगात असा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या धंद्यात करतात का? वकिलाने केला तर त्याची सनद जाईल. आणि ज्या नियमाने मी हरले तोच नियम मी वाचवायला गेले होते, हे काय मला समजत नाही असं वाटतं का तुला?

डार्ला म्हणाली, "पण मिस के, तुम्ही त्यांना सही करायला लावलीत." जणू तेच काम होतं!

दुसऱ्या वाचनाला जाणार नाही. जाऊन काय करू, तुझी बाजू पुन्हा वाचू?

वर्ना


५ एप्रिल

डेल्फीन,

हे काय पाठवलंस?

मला वाटलं, आता विजयाचं पत्र येईल, किंवा केटल. उघडलं तर तुझ्या अक्षरात एक पान. वर 'वर्ना कोवालिक यांचं म्हणणं असं', आणि खाली सहीसाठी रेघ.

उभ्याने वाचलं. मग बसले. थोडा भाग इथे उतरवून काढतेय, कारण हे तू लिहिलंस याची तुलाच आठवण राहिलेली बरी:

'वर्नाचं म्हणणं असं. आपल्या गावात अनोळखी शत्रू नसतात. ज्याच्याशी वाद आहे तोच शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या पंगतीत शेजारी बसून मासे खातो. तरीही लोक एकमेकांना न विचारता वर्षानुवर्षं भांडत राहतात. आमचा कोर्स त्यांना आयुष्यात एकदा तरी दार वाजवायला लावतो. पाकिटातला शत्रू कागदी असतो, त्याला हरवून कुणाला काही कळत नाही. धोका आहे हे वर्नाला ठाऊक आहे. पण धोका आहे म्हणून दार वाजवायचंच नाही असं शिकवलं, तर त्या मॅनेजरने एका मुलीला नव्हे, पुढच्या सगळ्यांना गप्प केलं असं होईल. मुलांना एकटं पाठवू नये, इतकंच. वर्ना कुणाला एकटं सोडत नाही. मरीबेथ गेल्यावर ती तिला अजूनही फोन करते. मला हे वर्नाने सांगितलं नाही, मरीबेथने सांगितलं.'

मरीबेथला नाकच खुपसायची हौस! मी काही सारखे फोन करत नाही. तिच्याकडे लायब्ररीची दोन पुस्तकं राहिली होती, म्हणून पहिल्यांदा केला. पुढे तिच्या मुलीला गोवर झाला, तो बरा झाला का हे नको विचारायला? मग ती तिकडे नर्सिंगला गेली, मग तिला तिकडचं एकशे दोन घ्यायला लागलं आणि तिचा शिक्षक गाढव निघाला. ओघाने फोन झाले. यात सांगण्यासारखं काय होतं? आणि तू तर तेव्हा बोलतच नव्हतीस.

डेल्फीन, हे असं मला मांडता आलं नसतं. मी समितीपुढे सुपाचे डबे आणि डोनट यांवर बोलले. तू हे पहिल्या वाचनाआधी का पाठवलं नाहीस? तू गप्प बसून मला हरू दिलंस, आणि आता माझी बाजू माझ्याहून बरी लिहून पाठवतेस! माणसाने चिडायचं तरी कुणावर?

दुसरं वाचन सोळा तारखेला. ये. बर्फ वितळलाय, सबब चालणार नाही. माझी बाजू तू वाच. तुझी मी वाचते. ती मला आता पाठ आहे.

वर्ना


१७ एप्रिल

डेल्फीन,

काल तू निघालीस तेव्हा पर्सेल आपल्या मध्ये उभा होता, त्यामुळे जे राहिलं ते लिहून टाकते.

तुझा चष्मा नवा आहे. बरा दिसत नाही.

मी तुझी बाजू वाचून खाली बसले आणि तू उठलीस. सगळ्यांना वाटलं आता मुख्य कार्यालयाचं भाषण होणार. तू माझी बाजू वाचलीस. 'एकटं पाठवू नये' ही ओळ तू दोनदा वाचलीस, ते मी ऐकलं. बाकीच्यांना वाटलं तुझी ओळ चुकली. मग तू चष्मा काढून म्हणालीस, "माझं म्हणणं वर्नाने वाचलंच आहे. ते पुन्हा सांगत नाही. पण माझ्या पाकिटात एक पान कमी आहे, आणि ते घालायचं कसं हे मला एकटीला सुचलं नाही." आणि बसलीस.

पर्सेलचा चेहरा! "म्हणजे नक्की कोण कुणाच्या विरुद्ध आहे?" असं त्याने विचारलं तेव्हा हॉफस्टेटर हसला, मग मी हसले. तुझ्यासमोर हसायचं नाही असं घरून ठरवून आले होते.

फळ्यावर आपण दोघींनी उभ्या उभ्या जे लिहिलं ते मी घरी येऊन नीट उतरवलंय, तुझ्या माहितीसाठी. पहिले पाच आठवडे तुझे, पाचही कॉलेजांत एकसारखे, म्हणजे विद्यापीठ क्रेडिट धरेल. मग विषय ज्याचा त्याचा. मग समोरच्याची सही, पण ज्याच्या हातात विद्यार्थ्याची नोकरी, घर किंवा मूल आहे त्याच्याकडे जायचं नाही. तिथे शिक्षकाने त्या माणसाची बाजू अभ्यासून यायची, टेबलाच्या पलीकडे त्याच्या जागी बसायचं आणि पटली तरच सही द्यायची. हे शेवटचं तुझं होतं. मी म्हटलं, शिक्षकांचं काम वाढेल. तू म्हणालीस, "वाढू दे की! सगळे दुसऱ्यांनाच का धाडसी करतात?" सात विरुद्ध एक. तो एक पर्सेल, आणि तोही डोनट वाया गेले म्हणून.

दारात समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "शेवट गोड झाला." कसला गोड? तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. तुला त्या मुलीचं रोज आठवत होतं आणि तू ते एकटीने सोसलंस, शेजारच्या टेबलावर मी बसलेली असताना. त्याचा राग गेलेला नाही. जायला वेळ लागेल आणि त्या वेळात तुला माझी पत्रं वाचावी लागतील.

जाताना तू विचारलंस, "माझ्या पानावर सही केलीस का?" आणि पर्सेल मध्ये आला.

नाही केली. रोज पेन घेते आणि ठेवते. नियम तुझाच आहे, सही करायची ती 'हो, ही मीच आहे' असं असेल तरच. मी ते पान इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. त्यातली बाई कुणाला एकटं सोडत नाही. तिला मैत्रिणीचं न बोलणंसुद्धा कळलं असतं. ती सूचना फलक वाचून फणकारत घरी गेली नसती, गाडी काढून कार्व्हरला आली असती आणि तुझं दार वाजवलं असतं. तेरा मैलांवर तर आहे.

ही मी नाही, डेल्फीन. ही तुझ्या डोक्यातली मी आहे.

शनिवारी सकाळी येते. पान बरोबर आणीन. तुझ्या दारात उभी राहून सही करीन म्हणते, तोवर कदाचित पानातली बाई खरी होईल. केटल तापत ठेव. गळत असली तरी चालेल.

वर्ना